१४ वर्षांच्या गाडीचा सायलेन्सर: वेल्डिंग करून घेऊ की अख्खी लाइन बदलू?

दांडियाबाजारकर
नमस्कार मंडळी. २०११ ची वॅगन आर आहे, पेट्रोल, जीजे-०६ म्हणजे बडोदा पासिंग, लाखाच्या वर चाललीय आणि आजवर कधी रस्त्यात थांबली नाही. गणपती झाल्यापासून आवाज बदललाय. सकाळी थंड इंजिन चालू केलं की पुढून टिक टिक असा येतो, तो दहा मिनिटांत जवळजवळ बंद होतो, पण मागून जो घरघर येतो तो काही जात नाही, उलट चढावर वाढतो. तीन ठिकाणी दाखवली. घराजवळचा गॅरेजवाला म्हणाला ७०० रुपयांत वेल्डिंग मारून देतो. दुसरा म्हणाला मागचा सायलेन्सर सडलाय, लोकल टाकला तर २,४०० आणि कंपनीचा ४,९००. तिसरीकडे मोठ्या वर्कशॉपमध्ये गेलो तर त्यांनी कागदच हातात दिला, कॅटपासून (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) मागच्या टोकापर्यंत पूर्ण सेट, ३४ हजार. "साहेब, आखी लाइन बदली नाखो, पछी शांति." आता गाडीची किंमतच बाजारात लाखाच्या आसपास, त्यात ३४ हजार घालायचे का हा एक प्रश्न. दुसरं म्हणजे पुढच्या वर्षी पंधरा वर्षं पूर्ण होतात, आरसी रिन्यू करून अजून पाच वर्षं चालवायची इच्छा आहे. आईला डोळ्यांसाठी अहमदाबादला न्यावं लागतं, ती मागे बसते, त्यामुळे अर्धवट काम नको. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा.

निझामपुरा_नाइट
खालून काढलेले फोटो टाका आधी. फोटो न बघता सायलेन्सरवर सल्ला देणं म्हणजे पत्रिका न बघता मुहूर्त काढणं.

वारसियावाला
वेल्डिंग मारा आणि विसरा. माझ्या ८०० ला किती ठिगळं आहेत ते मोजत नाही, अजून पळते. ३४ हजार? एवढ्यात घरातल्या सगळ्यांची दिवाळी होते.

सयाजीगंज_ते_सुभानपुरा
विकून टाका भाऊ. चौदा वर्षं म्हणजे आज सायलेन्सर, उद्या सस्पेन्शन, परवा एसीचा कॉम्प्रेसर. एकदा गळायला लागली की गळतच राहते. ३४ हजार नव्या गाडीच्या डाउन पेमेंटमध्ये घाला.

दांडियाबाजारकर
फोटो टाकलेत. विकायची नाही. इंजिन ठणठणीत आहे, मायलेज शहरात चौदा-पंधरा अजून देते, बॉडीला गंज नाही, आणि आईला या गाडीत चढ-उतर सोपी जाते, उंच आहे ना. लाखभर हातात येऊन मला अशी दुसरी गाडी कुठे मिळणार?

मकरपुरा_फिटर
फोटो बघितले. मी जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आयुष्यभर पाइपिंगचं काम केलं आणि घरच्या गाड्यांखाली स्वतः झोपतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा की एक्झॉस्ट ही एकच वस्तू आहे. इंजिनाला लागून मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर एकत्र करणारा भाग, मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, त्याच्या आगेमागे ऑक्सिजन सेन्सर, मग पुढचा पाइप, जोडावर पॅकिंग, मधला पाइप, आणि शेवटी मागचा सायलेन्सर. हे सगळं रबरांवर लटकलेलं असतं. यातला प्रत्येक भाग वेगळ्या कारणाने आणि वेगळ्या वयात जातो. पुढचा भाग एवढा तापतो की त्यात पाणी टिकतच नाही, त्यामुळे तो आतून गंजत नाही, तो जातो तडा जाऊन किंवा पॅकिंग उडून. मागचा सायलेन्सर मात्र आतून सडतो. म्हणून "आखी लाइन बदला" हे बऱ्याचदा निदान न करता दिलेलं उत्तर असतं.

तुमची दोन दुखणी आहेत. पुढची टिक टिक थंडपणी येते आणि गरम झाल्यावर जाते, म्हणजे जोड किंवा मॅनिफोल्डचं पॅकिंग. धातू तापून फुगला की फट बुजते. मागची घरघर गरमपणीही राहते, म्हणजे सायलेन्सरला भोक. दोन्हीला एक औषध नाही.

तपासायचं कसं ते सांगतो. गाडी पूर्ण थंड असताना, रात्रभर उभी असलेली, उघड्यावर, घरच्या बंद पार्किंगमध्ये नाही. हँडब्रेक, चाकांना दगड. कुणाला तरी स्टार्ट करायला सांगा आणि जाड हातमोजा घालून जाड ओलं फडकं मागच्या नळीवर काही सेकंद दाबा. आतला दाब वाढतो आणि जिथे फट असेल तिथून फुस्स असा आवाज येतो. साबणाचं पाणी ब्रशने लावलं तर बुडबुडेही दिसतात. जोडावर काजळीचे काळे ओघळ दिसले तर तिथे नक्की गळतंय. मग इंजिन बंद करून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने सायलेन्सर ठोकत जा. चांगला पत्रा टण वाजतो, सडलेला ठप्प वाजतो आणि आत गंजाची पापुद्रं खळखळतात. संशय असेल तिथे टोक दाबून बघा, आत गेलं तर वेल्डिंगचा विषय संपला. गाडीखाली जाताना जॅकच्या भरवशावर जाऊ नका, रॅम्प किंवा खड्ड्यावरच.

वारसियावाला
फिटरकाका, पण वेल्डिंग का नको ते तरी सांगा. माझी टिकलीत ना.

मकरपुरा_फिटर
वेल्डिंग नको असं नाहीच म्हटलं. वेल्डिंगला धरायला चांगलं लोखंड लागतं. पाइप दगडावर घासून फाटला, जोडाचा टाका सुटला, हँगरची सळई तुटली, आणि आजूबाजूचा पत्रा जाड आहे, तर जरूर मारा, दहा वर्षं हलणार नाही. पण आतून सडलेल्या सायलेन्सरचा पत्रा कागदासारखा झालेला असतो, तिथे आर्क लावला की भोक चार आण्याचं रुपयाएवढं होतं, मग कारीगर त्यावर पट्टी ठेवतो, पट्टीच्या कडेला पुन्हा पातळ पत्राच, पुढच्या पावसाळ्यात पट्टीच्या बाजूने फुटतं. शिवाय बऱ्याच कंपन्यांचे पाइप अ‍ॅल्युमिनियमचा थर दिलेल्या पोलादाचे असतात. वेल्डिंगच्या उष्णतेने तो थर जळतो आणि सगळ्यात आधी गंज तिथेच धरतो. वेल्डिंग केलंच तर वरून उष्णतेचा सिल्व्हर पेंट मारून घ्या.

आणि गाडीवर बसवलेल्या अवस्थेत वेल्डिंग करत असतील तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला लावा, नाहीतर ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, उडण्याची भीती. मागचा सायलेन्सर पेट्रोलच्या टाकीच्या शेजारी असतो, तो उतरवूनच वेल्डिंग. यात हयगय करणाऱ्याकडे काम देऊ नका.

शुभांगी_कारेलीबाग
एक शंका. आपल्याकडे ना समुद्र, ना बर्फ. मग आतून गंजतो कसा? पाणी कुठून जातं आत?

मकरपुरा_फिटर
ताई, बाहेरून जात नाही, आत तयार होतं. पेट्रोलमध्ये हायड्रोजन असतो, तो जळला की पाणी. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. थंडीत सकाळी मागच्या नळीतून जे थेंब पडतात ते हेच. गाडी लांब चालली तर सायलेन्सर तापून सगळी वाफ निघून जाते. पण मांडवीतून रावपुऱ्यापर्यंत भाजीला गेलो, तिथून न्याय मंदिर, परत घर, असं चाललं तर मागचा सायलेन्सर तापायच्या आत इंजिन बंद. वाफेचं पाणी आतच साठतं, त्यात जळणाच्या धुरातलं गंधक आणि नायट्रोजनची आम्लं मिसळतात. आता बीएस-६ (धुराचं सरकारी मानक) पेट्रोलमध्ये गंधक १० पीपीएमवर, म्हणजे दहा लाखांत दहा भागांवर, आलंय, बीएस-४ ला ५० होतं, त्यामुळे पूर्वीपेक्षा कमी, पण पाणी तर तेवढंच.

आजीची_आय_टेन
म्हणजे कमी चालणारी गाडी जास्त सडते? आमच्या आजोबांची गाडी फक्त देवळात आणि बँकेत जाते आणि तिचाच सायलेन्सर आधी गेला, तेव्हा सगळे आजोबांना बोलले की तुम्ही नीट चालवत नाही 😄

मकरपुरा_फिटर
आजोबांची माफी मागा. आणि महिन्यातून दोनदा एक्स्प्रेसवेवर पाठवा त्यांना.

हरणी_रोड
इथे एक महत्त्वाचं लिहितो. ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात ज्यांच्या गाड्या उभ्या होत्या त्यांनी हे तपासाच. आमच्या सोसायटीत सीटपर्यंत पाणी होतं. विम्यात इंजिन, वायरिंग, सीटा सगळं झालं, सायलेन्सर कुणी उघडून बघितला नाही. गाळाचं पाणी त्यात किती दिवस होतं देव जाणे. या वर्षी एकेक करून पाच-सहा गाड्यांचे आवाज फुटले. दांडियाबाजारकर, तुमची पाण्यात होती का?

दांडियाबाजारकर
पाण्यात नव्हती, आमच्या इथे चाकाच्या अर्ध्यापर्यंत आलं होतं तेवढंच. पण सायलेन्सर खालीच असतो, म्हणजे भिजला असणार.

मकरपुरा_फिटर
हरणी रोड यांनी बरोबर मुद्दा काढला. अजून एक जोड. गाडी चालू असताना, कॅट लाल तापलेला असताना, थंड पाण्यात घातली तर आतली चिनी मातीची जाळी तडकू शकते. तडकलेली जाळी मग डब्यात खुळखुळते किंवा तुकडे अडकून वाट बंद करते, गाडी ओढतच नाही. कॅट थंड असताना रबरी हातोडीने हलकं ठोकलं आणि आत खडे हलल्यासारखा आवाज आला तर तो गेला. काहीच आवाज नाही, गाडी ओढते, इंजिनचा दिवा पेटलेला नाही, तर त्याला हात लावायची गरज नाही.

निझामपुरा_नाइट
माझ्या शेजाऱ्यांचा किस्सा. मागच्या सायलेन्सरच्या खालून पाणी टपकत होतं. गॅरेजवाल्याने "साहेब, काणुं पडी गयुं छे" म्हणून ते भोक वेल्डिंगने बंद केलं. एका वर्षात अख्खा सायलेन्सर तळातून गेला. नंतर दुसऱ्या मेकॅनिकने सांगितलं की ते भोक कंपनीनेच ठेवलं होतं, पाणी जायला!

मकरपुरा_फिटर
हे फार होतं. ते भोक साधारण खिळ्याएवढं, कडा एकदम गोल आणि स्वच्छ, सायलेन्सरच्या सगळ्यात खालच्या जागी. सगळ्या गाड्यांना नसतं. गंजाचं भोक वेडंवाकडं असतं, कडेला तपकिरी पापुद्रा, बोट लावलं तर मोठं होतं. कंपनीचं भोक बुजलं असेल तर तारेने मोकळं करा, बंद करू नका.

सयाजीगंज_ते_सुभानपुरा
एवढं रामायण वाचून पुन्हा म्हणतो, विका. आवाजासाठी एवढं?

इमर्जन्सी_नर्स
आवाजासाठी नाही दादा. मी इमर्जन्सीत काम करते म्हणून मला हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. एक्झॉस्टमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त जोराने चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि लोकांना वाटतं प्रवासाचा शीण आहे किंवा गाडी लागली. आपण बोटाला लावतो ते ऑक्सिमीटरही अशा वेळी नॉर्मल आकडा दाखवू शकतं, कारण साध्या ऑक्सिमीटरला दोन्हीतला फरक कळत नाही. त्यामुळे घरी आकडा बघून निश्चिंत होऊ नका.

दांडियाबाजारकर, तुमच्या आई मागे बसतात. गळती इंजिनाकडे किंवा मजल्याखाली असेल आणि मजल्याचं एखादं रबरी बूच सुटलेलं असेल, तर थंडीत काचा बंद, एसी आतली हवा फिरवतोय, अशा प्रवासात ते आत येऊ शकतं. मागची डिकी उघडी ठेवून सामान नेणारे लोकही असतात, तसं करू नका, चालत्या गाडीच्या मागे हवेचा जो भोवरा होतो तो धूर आत ओढतो. काम होईपर्यंत काचा थोड्या उघड्या ठेवा, एसी बाहेरच्या हवेवर ठेवा, आणि आईंना प्रवासात डोकं दुखतंय का ते विचारत जा. अहमदाबादची पुढची फेरी दुसऱ्या गाडीने करा.

दांडियाबाजारकर
हे वाचून आधी आईला विचारलं. नाही म्हणाली, काही त्रास नाही. तरी पुढची फेरी भावाच्या गाडीने करतो. धन्यवाद ताई.

जुनी_टवेरा
आमच्याकडे टवेरा आहे, हालोलमध्येच बनलेली, घरापासून तासाभरावर. शेवरोलेने २०१७ मध्ये भारतात विक्री बंद केली, हालोलचा प्लांट आता एमजीकडे आहे. पार्ट मिळतात पण कधी काय मिळेल सांगता येत नाही. सायलेन्सर आम्ही प्रत्येक वेळी कापून जोडून घेतो, दुसऱ्या गाडीचा डबा, आपला पाइप. ज्यांच्या गाडीचे पार्ट सहज मिळतात त्यांनी नवाच घ्यावा हो, ज्यांना मिळत नाहीत त्यांना विचारा.

स्टेनलेस_संजू
मकरपुऱ्यात केमिकल प्लांटची स्टेनलेसची भांडी बनवणारी एवढी युनिटं आहेत, तिथे ३०४ ग्रेडच्या पाइपमध्ये आर्गन वेल्डिंगने अख्खी लाइन बनवून घ्या ना, गाडी जाईल पण लाइन जाणार नाही. मित्राने केलंय.

मकरपुरा_फिटर
पाइप बनेल, झकास बनेल. पण सायलेन्सर म्हणजे नुसता डबा नाही. आत पडदे, भोकं पाडलेल्या नळ्या, वेगवेगळ्या मापाचे कप्पे असतात, आवाजाची लाट त्यात आपटून स्वतःलाच मारते. ते माप चुकलं की एकतर ढोल वाजतो नाहीतर इंजिन गुदमरतं. मधला पाइप बनवून घेणं ठीक, सायलेन्सर तयारच घ्या. शिवाय १४ वर्षांच्या गाडीला मरेपर्यंत टिकेल अशी लाइन करून पैसे वसूल होणार नाहीत.

आणि स्टेनलेस ओळखायला लोक लोहचुंबक घेऊन जातात. ३०४ ला चिकटत नाही हे खरं, पण गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये सर्रास वापरतात ते ४०९, त्याला चुंबक चिकटतं. म्हणून चिकटलं म्हणजे साधं लोखंड असा निष्कर्ष काढू नका. दुकानदाराला विचारा मटेरियल काय, आणि वजन हातात घेऊन बघा. लोकल सायलेन्सर आणि कंपनीचा शेजारी शेजारी उचलला की पत्र्याचा फरक मनगटाला कळतो.

टोरांटोचे_बाबा
मुलगा कॅनडात. तिथे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे बाहेरून पण गंज. तो म्हणतो तिथे आपल्यापेक्षा निम्म्या वयात लाइन बदलतात, आणि बदलतानाही गंजलेले बोल्ट फिरत नाहीत म्हणून सरळ कापतात. आपल्याकडे चौदा वर्षं टिकली म्हणजे छानच टिकली.

निझामपुरा_नाइट
बोल्टवरून आठवलं. काम करायच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या नटांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवायला सांगा. नाहीतर मॅनिफोल्डचा स्टड तुटतो आणि ७०० चं काम सात हजारांवर जातं.

अलकापुरी_अ‍ॅड
कॅट काढून टाकण्याबद्दल कुणी बोललं नाही अजून. माझ्या ओळखीत एकाला "सर, कॅट चोक आहे, काढून सरळ पाइप टाकतो, पैसे पण घेणार नाही" असं सांगितलं. फुकट! नंतर कळलं त्या जुन्या कॅटमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं आणि भंगारात त्याला चांगला भाव आहे. म्हणजे फुकट नव्हतंच ते.

मकरपुरा_फिटर
अगदी. आणि कॅट काढणं बेकायदेशीर आहेच, वर तो तीन विष एकाच वेळी मारतो, कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड. भारतात शिसं घातलेलं पेट्रोल २००० मध्ये पूर्ण बंद केलं त्याचं एक कारण हेच, शिशाने कॅट मरतो. एवढं करून आणलेली वस्तू भंगारात द्यायची?

कॅट खरंच गेला असेल तर आधी तो का गेला ते शोधा. प्लग किंवा कॉइल मिसफायर करत असेल तर कच्चं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन तिथे जळतं आणि जाळी वितळते. कारण तसंच ठेवून नवा टाकला तर तोही जाईल. दांडियाबाजारकर, ३४ हजारांच्या कागदात सगळ्यात मोठा आकडा कॅटचाच असणार. त्यांना विचारा, स्कॅनरवर बिघाडाचा कोड कोणता आला?

दांडियाबाजारकर
विचारलं. कोड काढलाच नव्हता. "वय झालंय म्हणून" एवढंच उत्तर. मी म्हटलं स्कॅनर लावा, लावला, एकही कोड नाही. इंजिनचा दिवा पण नाही.

बुलेट_बापू
मी तर म्हणतो आवाज राहू द्या, रुबाब येतो 😎 माझ्या पुतण्याने मुद्दाम हजारो घालून असा आवाज बसवलाय.

आरटीओ_अनुभवी
बापू, पुतण्याला सांगा. मोटार वाहन नियम १२० प्रमाणे प्रत्येक गाडीला आवाज कमी करणारा सायलेन्सर पाहिजेच, आणि आवाज-धुराचे नियम मोडले तर कायद्याचं कलम १९०(२) लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात पहिल्या वेळेलाही १०,००० पर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स जाऊ शकतं.

आता मूळ धाग्याकडे. रिन्यूअलचा अर्ज फॉर्म २५ वर, मुदत संपायच्या साठ दिवसांच्या आत करता येतो. पेट्रोल-डिझेल कारची फी आधी ६०० होती, एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली. दरजीपुऱ्याच्या आरटीओला गाडी तपासायला न्यावी लागते, फाटक्या आवाजाची गाडी नेऊ नका. आणि आरसीवर बघा तुमची बीएस-३ आहे की बीएस-४. एप्रिल २०१० मध्ये बीएस-४ फक्त १३ शहरांत आलं, त्यात अहमदाबाद आणि सुरत होतं, बडोदा नव्हतं, देशभर झालं एप्रिल २०१७ ला. त्यामुळे बडोद्यात २०११ ची गाडी बीएस-३ पण असू शकते. पीयूसीत बीएस-३ ला सीओ ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएमपर्यंत चालतं, बीएस-४ ला ०.३ आणि २००. बीएस-३ चं पीयूसी सहा महिने, बीएस-४ चं वर्षभर.

आणखी एक, लाइन गळकी असेल तर बाहेरची हवा धुरात मिसळते आणि पीयूसीचा आकडा खोटा येतो. सेन्सरच्या आधी गळत असेल तर त्याहून वाईट. सेन्सरला वाटतं हवा जास्त आहे, ईसीएम पेट्रोल वाढवतो, मायलेज पडतं आणि जास्तीच्या पेट्रोलने कॅटही खराब होतो. म्हणून पुढची टिक टिक हलक्यात घेऊ नका.

शुभांगी_कारेलीबाग
इतके दिवस मला वाटायचं सायलेन्सर म्हणजे फक्त आवाज. हा धागा सेव्ह केला.

दांडियाबाजारकर
अपडेट देतो, तुमच्यामुळेच ठरवता आलं.

रविवारी भावाला घेऊन एका ओळखीच्या छोट्या गॅरेजमध्ये खड्ड्यावर गाडी घेतली. फिटरकाकांनी सांगितलेली फडक्याची चाचणी केली. मी नळीवर फडकं दाबलं आणि पुढच्या पाइपच्या जोडातून लगेच फुस्स झालं. तिथे दोन स्प्रिंगवाले बोल्ट असतात, त्यातली एक स्प्रिंग तुटून गायब, आणि मधलं गोल पॅकिंग एका बाजूने खाल्लं गेलेलं, हातात घेतलं तर काजळीसारखं चुरलं. मॅनिफोल्डवर मात्र काळा डागही नाही. मग मागचा सायलेन्सर ठोकला, पुढची अर्धी बाजू टण टण, मागची शिवणीकडची सगळी ठप्प. स्क्रू ड्रायव्हर लावला तर सरळ आत. वेल्डिंगवाला मिस्त्री शेजारीच होता, त्यानेच बघून सांगितलं की यावर मी टाका मारणार नाही, पैसे घेऊन शिव्या खायच्या नाहीत मला. असा माणूस भेटला याचं बरं वाटलं. मधला पाइप ठोकून बघितला, चांगला आहे, वरचा गंज ब्रशने निघाला.

आणि एक गोष्ट जी तिन्ही ठिकाणी कुणी बोललं नव्हतं. मागच्या सायलेन्सरची लटकवायची दोन रबरं फाटली होती. त्यामुळे सगळं वजन पुढच्या जोडावर येत होतं आणि खड्ड्यात गाडी आपटली की जोड हलायचा. पॅकिंग त्यामुळेच गेलं असणार असं तो म्हणाला.

ठरवलं असं: मागचा सायलेन्सर कंपनीचा नवा, पुढच्या जोडाचं पॅकिंग, स्प्रिंग बोल्टचा सेट, सगळी रबरं. कॅट, सेन्सर, मधला पाइप जुनाच. सगळं मिळून मजुरीसकट साडेसहा हजारांच्या आत.

मकरपुरा_फिटर
उत्तम. सायलेन्सर बसवताना सगळे नट आधी सैल ठेवून लाइन रबरांवर मोकळी लटकू द्या, मग पुढून मागे कसत या. एका टोकाला ताण ठेवून कसलं तर नवं पॅकिंगही लवकर जातं. नट तांब्याचा थर दिलेले मिळतात, ते घ्या, पुढच्या वेळी फिरतील. आणि इंजिनचं माउंटिंग बघून घ्या, ते बसलं असेल तर इंजिन डुलतं आणि सगळा हिसका याच जोडावर येतो.

वारसियावाला
मला अजूनही वाटतं ७०० मध्ये एक वर्ष निघालं असतं. पण आई मागे बसते म्हटल्यावर मी पण हेच केलं असतं. माझ्या ८०० ची रबरं उद्या बघतो.

सयाजीगंज_ते_सुभानपुरा
साडेसहा हजार असेल तर मग ठीक आहे. ३४ असते तर मी विकण्यावर ठाम होतो.

आरटीओ_अनुभवी
रास्त बोललात. कॅट खरंच गेला असता, वर इंजिन तेल खात असतं, तर मीही विका म्हटलं असतं.

दांडियाबाजारकर
काम झालं. गॅरेजवाल्याने आम्हाला तेवढ्या वेळात शेव उसळ खायला पाठवलं, परत आलो तर गाडी खाली उतरलेली होती. आरसीवर बीएस-३ निघालं. नवीन पीयूसी केली, सीओ ०.१८, हायड्रोकार्बन १२६, म्हणजे जुना कॅट अजून काम करतोय. माउंटिंग पण बघून घेतलं, ठीक आहे. आता स्टार्ट केल्यावर पहिले काही दिवस जरा धूर आणि जळका वास येतो म्हणे, ते नॉर्मल का?

मकरपुरा_फिटर
हो, नव्या सायलेन्सरवरचं संरक्षक तेल आणि रंग जळतो. एका लांब फेरीत जाईल. आठवडाभराने जोडाचे बोल्ट एकदा कसून घ्या, गाडी थंड असताना.

आजीची_आय_टेन
रबरं कितीला पडली? आजोबांच्या गाडीची पण बदलायचीत.

दांडियाबाजारकर
एक ८० ला, चार घेतली. ओरिजिनलच मागा, लोकल दाबून बघितलं तर फारच मऊ वाटलं. जुनं सोबत घेऊन जा, भोकांचं अंतर जुळवून घ्यायला सोपं पडतं.